गोगलगायीसमोर

माझी मैत्रीण शुभदा गोगलगायींवर संशोधन करते. आज कळलं की तिचे निष्कर्ष दुसऱ्याच कुणीतरी आधी छापलेत. पीएचडी लटकली. तिने तो छापलेला शोधनिबंध शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, "पण गोगलगायी भिंतीवर वरच का चढतात, हे यांनाही कळलेलं नाही." आणि चक्क हसली.

असल्या निरिच्छपणावर माझा विश्वास नाही. सत्कार नको म्हणत हारासाठी मान वाकवणारे मी पुष्कळ पाहिलेत. म्हणून तिच्या मागोमाग गेलो. विभागामागच्या ओल्या भिंतीपाशी, वर चढणाऱ्या एका गोगलगायीसमोर ती एकटीच उकिडवी बसली होती. बघायला कुणीच नव्हतं. मग हे नाटक कुणासाठी? मी आणखी जवळ गेलो.

मागे न वळता ती म्हणाली, "बाजूला हो रे. तुझी सावली पडली की ती थांबते."