पेंडू म्हणजे गावाचा

धरणाचं पाणी गावात शिरणार म्हणून ट्रक दारात उभा, आणि आमची आई घर सारवत बसलेली! आबा ओरडले, "अगं, पाण्यातच जायचंय ते!" आई म्हणाली, "जाऊंद्या. पारोसं घर सोडू न्हाई." ओलं सारवण तुडवायला नको म्हणून आम्ही भिंतीच्या कडेकडेनं बाहेर पडलो.

खाली निरगुडसरच्या बाजूला वसाहत मिळाली. तिथं आमचं नाव पडलं 'धरणवाले'. आबांना ते लई लागायचं. "गाव नसलेल्या माणसाला काय म्हणावं रं?" असं विचारायचे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आम्ही जुन्या गावी जायचो. गाळातून चुलीची जागा हुडकून आई तेवढीच सारवायची आणि दिवा लावायची.

पुढं मी लुधियान्याला सायकलच्या कारखान्यात लागलो. घरमालकीण बिजी, म्हातारी आणि तोंडानं फटकळ. पहिल्या दिवशी तिच्याकडं टेबल सोडून मी खाली मांडी घालून जेवायला बसलो, तशी हसली, "तूं तां निरा पेंडू एं!" मला वाटलं, शिवीच दिली. तोंड पाडून बसलो तेव्हा तिनंच उलगडून सांगितलं. पिंड म्हणजे गाव, एका जागी गोळा झालेली घरं. पिंडातला तो पेंडू. शहरातले लोक गावंढळ म्हणून हिणवतात, एवढंच. तिच्या लहानपणी लाहोरवालेही हेच म्हणायचे. तिचा पिंड फाळणीत पलीकडं राहिला. "मैं वी पेंडू," म्हणाली आणि माझ्या ताटात अजून एक रोटी टाकली.

रविवारी बूथवरून वसाहतीतल्या दुकानात फोन लावला. आबांना बोलावून घेतलं.

"आबा, हितं मला पेंडू म्हणत्यात. म्हंजी गावाचा माणूस."

 आबा म्हणाले, "आजून म्हणत्यात ना? मग बुडालं न्हाई आपलं गाव." आणि रडले हो माझे आबा, भर दुकानात.

आता आबा नाहीत. बिजीही गेली. आईचे गुडघे धरलेत, तिला गाळात उतरवत नाही. मी इथं फ्लॅट घेतलाय, पंजाबी फाडफाड बोलतो. वसाहतीतल्या मंडळींनो, तुम्ही फोनवर विचारता, तुझं घर आता कुठलं? काय सांगू? मला इथं कुणी पेंडू म्हणत नाही. कारखान्यात नवा माणूस आला की मी मुद्दाम कँटीनची खुर्ची सोडतो, खाली मांडी घालून डबा उघडतो आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहतो. म्हणू दे की त्यानं, एकदा तरी.