पाच सारखी मापं

"हात पुढे कर," सर म्हणाले. "असे नाही. सगळ्यांना दिसू देत."

मी दोन्ही हात पुढे केले. जळगावच्या कॉलेजातली भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. साल शहाऐंशी, बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. समोर तांब्याची तार आणि स्क्रू गेज. तारेची जाडी पाच ठिकाणी मोजायची होती. माझी आली ती अशी: पॉइंट सेहेचाळीस, अठ्ठेचाळीस, पंचेचाळीस, सत्तेचाळीस, पुन्हा सेहेचाळीस मिलिमीटर.

"एकच तार, एकच यंत्र, आणि उत्तरं चार तऱ्हेची? हे बघा रे, विहिरी खणणारे हात. सवलतीवर कॉलेजात येता येतं. सवलतीवर स्क्रू गेज चालत नाही."

सगळे हसले. पुढच्या टेबलावरचे जरा जास्तच. त्यांची पाचही मापं सारखी होती. का नसणार? त्यांनी तार मोजलीच नव्हती. थोरल्या भावाचं नाहीतर मामेभावाचं जुनं जर्नल पिशवीत घेऊनच यायचे. त्यातले आकडे उतरवायचे, सही घ्यायची, कँटीनला जायचं. 'तयार रीडिंग' म्हणायचे त्याला. सरांनाही ठाऊक होतं. माझ्या घरात माझ्याआधी कुणी जर्नल डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. मला कोण देणार तयार रीडिंग?

आणि खरं सांगतो, माझं चुकलेलं नाही हे मला कळत होतं. आमच्या वस्तीतली माणसं विहिरी खणायची. खोली मोजायला बाप दोर तीनदा सोडायचा. कधी दोर ताणला जायचा, कधी हात हलायचा, कधी तळाला दगड लागायचा. तीनदा तीन मापं. मालक वैतागायचा. बाप म्हणायचा, "एक येळनं माप खरं नई ऱ्हास, नाना. तीन येळ टाकू, मंग मधलं धरू."

पुस्तकातही तेच होतं, फक्त मोठ्या नावानं. यादृच्छिक त्रुटी. कितीही जपून मोजा, माप थोडं इकडे, थोडं तिकडे पडणारच. म्हणून पुन्हा पुन्हा मोजायचं, सरासरी काढायची, आणि माप किती हललं तेही प्रामाणिकपणे लिहायचं. हे सगळं माझ्या जिभेवर होतं त्या दिवशी. पण मी खोडरबर काढलं. पेन्सिलीनं लिहिलेली माझी मापं खोडली आणि पाच ओळींत पाचदा पॉइंट सेहेचाळीस लिहिलं. दहापैकी दहा.

"आला बघ हात वळणावर," सर म्हणाले.

मला आनंद झाला. सांगायची लाज वाटते, पण झाला. खोलीवर जाताना शीळ घालत गेलो मी.

माझ्या टेबलावर कमल असायची. चोपड्याच्या वर, सातपुड्यातल्या पाड्यावरची, पावरा आदिवासी मुलगी. हॉस्टेलला राहून शिकत होती. मोजताना डोळा थेट खुणेच्या समोर आणायची, श्वास धरायची. तिनं मला खोडताना पाहिलं. तिचीही मापं मागंपुढं होती. तिनं खोडली नाहीत.

वर्षाअखेरी प्रॅक्टिकलची परीक्षा. बाहेरून परीक्षक आलेले. आम्हा दोघांनाही तोच प्रयोग आला, तारही तीच. मी तार हातात धरली, यंत्र दोनदा फिरवलं, आणि पहिला आकडा पाचदा लिहून मोकळा झालो. सवयच लागली होती. कमलची पाच मापं पाहून परीक्षकांनी भुवई चढवली. सरांनी माझा कागद उचलून तिच्या कागदाशेजारी ठेवला.

"हे बघा साहेब. तीच तार, तेच यंत्र. याची पाचही सारखी आहेत. म्हणजे यंत्र ठीक आहे, मुलीलाच मोजता येत नाही."

कमल माझ्याकडे वळली. "तू सांग ना सरांना. तुझंबी असंच येतं."

परीक्षकांनी विचारलं, "काय रे?"

एवढंच बोलायचं होतं. हो साहेब, असंच येतं. चार शब्द.

मी म्हणालो, "माझी सारखीच आली, साहेब."

तिनं माझ्याकडे कसं पाहिलं ते मी सांगू शकत नाही. ती नापास झाली. नापास म्हटल्यावर हॉस्टेलची जागा गेली. पत्र्याची पेटी घेऊन ती एस.टी. स्टँडवर बसलेली मला दिसली. मी पुढे गेलो नाही. मागच्या मागं फिरलो.

माझा अपमान सरांनी केला, हे मी वर्षभर घोळवत होतो. तिचा मी केला. ज्यांनी मला हसून घेतलं त्यांच्या पंगतीला मी तिच्या पाठीवर पाय देऊन चढलो होतो.

पुढच्या वर्षी सरांनी मला नव्या वर्गापुढं उभं केलं. माझं जर्नल वर धरलं. "हाही तुमच्यातल्या काहींसारखा खालूनच आलेला. पण सुधारला. बघा, पाचही मापं एक." मागच्या बाकावरच्या दोन मुली चटकन आपापली वही झाकायला लागल्या. ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

"सर, ती मापं खोटी आहेत."

"काय?"

"तुम्ही हात दाखवायला लावलेत, म्हणून भ्यालो आणि सारखं लिहिलं. परीक्षेतही तेच केलं. कमलची खरी होती."

"खाली बस."

"नाही बसत."

तेच प्राचार्यांना लिहून दिलं. माझे गुण रद्द झाले, वर्ष गेलं. सरांना काहीही झालं नाही.

मग मी पाड्यावर गेलो. कमल निंदणी करत होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, प्यायला पाणी दिलं.

"आता काय करू मी त्याचं?" म्हणाली, आणि पुन्हा पाठीत वाकून कामाला लागली.

नव्वदच्या दशकात धुळ्याच्या कॉलेजात शिकवायला लागलो. माझ्या प्रयोगशाळेत पाच सारखी मापं आली की सही मिळत नाही. समोर पुन्हा मोजून दाखवायचं, मग पोरगं कुणाचंही असो. संस्थेचे लोक घरी येऊन गेले, समजावून गेले, धमकावूनही गेले. येऊ देत.

कमलनं मला माफ केलेलं नाही. करूही नये. मी माफी मागत फिरणार नाही. पण खरं मोजणाऱ्याला खोटं ठरवायला माझ्यापुढं कुणी उठला, तर त्याचं नाव मी सगळ्यांदेखत, त्याच्या तोंडावर घेईन. त्याआधी माझं घेईन.