तिकीट खिडकीतले व्हिसा ऑफिसर

किस्से गोळा करायला आम्हाला कधी कुठं जावं लागलं नाही. शनिवारी चार वाजता बेंगळुरूतल्या आमच्या मराठी मंडळाचा हॉल उघडला, की ते आमच्या आधीच येऊन खुर्च्या अडवून बसलेले असतात. परदेशात शिकायला, ट्रेनिंगला किंवा वर्षभर सेवेचं काम करायला जाऊ पाहणाऱ्या मुलांना तिथं फुकट सल्ला मिळतो. हे काम माझ्या बायकोनं, मेधानं, सुरू केलं. ती गेल्यावर मंडळानं मला विचारलं. नाही म्हणायला मला काही सुचलं नाही. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, आणि परदेश म्हणाल तर एकदा नेपाळला जाऊन आलोय.

खरी माहिती प्राजक्ताला. ती पुण्याची, युरोपात शिकून आलेली, आता कोरमंगलाच्या एका स्टार्टअपमध्ये. तिनं पहिल्याच शनिवारी कामाची वाटणी केली. "काका, कन्टेन्ट माझ्याकडे. तुम्ही पालकांना चहा द्या आणि शांत ठेवा."

तिसरे हणमंतअण्णा. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतले, बँकेच्या कर्ज विभागातून रिटायर झालेले. त्यांच्या काळात शाखेचं एकही कर्ज बुडालं नाही म्हणतात, कारण त्यांनी ते दिलंच नव्हतं.

मुलांची व्हिसाच्या मुलाखतीची तालीम अण्णा घेतात. ऑफिसर म्हणजे काउंटर पाहिजे, असं म्हणून ते हॉलच्या नाटकाच्या तिकीट खिडकीत जाऊन बसले, ते आजतागायत. मुलानं बाहेर उभं राहायचं, वाकून गोल भोकातून उत्तरं द्यायची. यंदापर्यंत अण्णांनी एकालाही पास केलं नव्हतं. त्यांनी नापास केलेली मुलं खरा व्हिसा घेऊन कॅनडापासून जपानपर्यंत पोचली आहेत. अण्णांचं म्हणणं, "ते त्या देशांनी बघून घ्यावं."

*

एका शनिवारी खिडकीशी मध्यमवयाचे एक गृहस्थ आले. अण्णांनी चष्मा लावला.

"जाण्याचं कारण?"

"बायकोनं सांगितलं."

"खर्च कोण करणार?"

"मीच. दर वेळी मीच करतो."

"परत यायचा इरादा आहे का?"

गृहस्थ जरा विचारात पडले. "मध्यंतरापर्यंत बसतो. नाही आवडलं तर लगेच परत."

अण्णांनी त्यांनाही नापास केलं. संध्याकाळच्या नाटकाची दोन तिकिटं मग मी त्यांना मागच्या दारानं दिली.

*

यंदाचा सगळा सीझन मात्र भार्गवीनं खाल्ला. ही बेंगळुरूजवळच्या आनेकलची. नर्सिंग झालेलं. तिला जर्मनीत एका वृद्धाश्रमात वर्षभर स्वयंसेवक म्हणून जायचं होतं. भाषेची परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली. अडचण एकच होती, तिचे अप्पा. कृष्णोजीरावांचं आनेकलला हार्डवेअरचं दुकान आहे. ते मुलीबरोबर आले, चहा नको म्हणाले आणि उभ्याउभ्याच बोलले.

"परक्यांच्या म्हाताऱ्यांना जेवू घालायला विमानानं जायचं? आनेकलचे म्हातारे संपले काय?"

"अंकल, ते एक्सपोजर असतं," प्राजक्ता म्हणाली.

"म्हातारपणाचं? ते मला घरबसल्या मिळायला लागलंय."

भार्गवी सज्ञान होती, पण अप्पांनी हो म्हटल्याशिवाय जायचं नाही असं तिनं स्वतःच ठरवलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "काका, आई गेल्यापासून आम्ही दोघंच आहोत." मी तिच्यासाठी चहा ओतला.

एवढ्यात कृष्णोजीरावांचं लक्ष तिकीट खिडकीकडे गेलं. अण्णा कुणालातरी नापास करत होते. कृष्णोजीरावांनी पूर्ण मुलाखत ऐकली, त्यानंतरची पण ऐकली, आणि पहिल्यांदाच हसले.

"सरी, ठीक आहे. ह्या साहेबांनी पास केलं तर माझी परवानगी."

*

भार्गवीचा अर्ज आम्हाला दिसला तो रवाना झाल्यावर. 'स्वतःविषयी लिहा' असं वृद्धाश्रमानं म्हटलं होतं. स्वतःविषयी मुलीनं स्वतः काय लिहायचं, म्हणून ते काम आत्याकडे गेलं. आत्यानं आयुष्यात एकाच प्रकारची माहिती लिहिली होती. भार्गवीनं प्रामाणिकपणे तिचं जर्मन करून पाठवलं.

उंची पाच फूट तीन. वर्ण निमगोरा. स्वयंपाकाची आवड. घराणं मूळचं साताऱ्याकडचं. आनेकलला स्वतःचं दुकान. अपेक्षा : निर्व्यसनी आणि सुसंस्कृत.

प्राजक्तानं कपाळाला हात लावला. "अगं, हे सिलेक्शन आहे की कांदेपोहे?"

आठवड्याभरात उत्तर आलं. भार्गवीची निवड झाली होती. फक्त एक शंका विचारली होती, की आमचे आजोबा लोक रविवारी बिअर घेतात, तेवढं चालेल का?

आत्यानं घरी विचारून कळवते म्हणून सांगितलं.

*

जाण्यापूर्वी भार्गवीला म्हाताऱ्या माणसांबरोबर काम केल्याचा अनुभव हवा होता. अनुभवासाठी म्हातारे हवेत, आणि आमच्या मंडळात दुसरं आहेच काय? पण सूचना लावली तर कुणीच म्हातारं निघेना. अण्णांना विचारलं तर ते खिडकीतून म्हणाले, "मी ड्यूटीवर आहे."

शेवटी नाश्ता जाहीर केला, आणि हॉल भरला.

येलहंक्याचे जोशीआजोबा बस बदलून, जिना चढून एकटे आले. भार्गवीनं व्हीलचेअर पुढे केल्याबरोबर त्यांच्या पायांतलं सगळं बळ गेलं. तिनं त्यांना जर्मनमध्ये विचारत विचारत उपमा भरवला. त्यांनी आणखी एक प्लेट घेतली. मग तिनं एका आजींचे केस विंचरले. घाई न करता, एका हातानं डोकं धरून, गुंता खालून सोडवत. मला मेधाचे केस आठवले. मी बाहेर जाऊन पाण्याचा फिल्टर चालू आहे का ते बघून आलो. चालू होता.

दोन दिवसांनी जोशीआजोबांच्या सूनबाईंचा फोन आला. आवाज थकलेला होता.

"काका, तुम्ही आमच्या मामंजींना काय केलंय? जेवायला चला म्हटलं तर उठत नाहीत. म्हणतात, जर्मनमध्ये सांग."

*

इकडे खिडकीत भार्गवी नापास होत होती. "परत येणार का?" ह्या प्रश्नाला पहिल्या खेपेला ती म्हणाली, "नक्की येणार." अण्णा म्हणाले, "पाठ केलेलं आहे." पुढच्या शनिवारी म्हणाली, "अप्पांसाठी येणार." अण्णा म्हणाले, "मला अप्पा नकोत, कारण पाहिजे."

प्राजक्ता खिडकीवर भांडायला गेली. "अण्णा, हे मॉक आहे, मॉक! पोरीचं वर्ष जाईल."

"दबावाखाली मी कधी लोन दिलं नाही."

कृष्णोजीराव बाकावर बसून चहा पीत होते. आता ते चहा घ्यायला लागले होते. अण्णांनी त्यांनाच बोलावलं. "स्वल्प, जरा इकडे या. पालकांची मुलाखत."

ते वाकून उभे राहिले.

"घराणं साताऱ्याकडचं?"

"होय साहेब."

"इकडे कशासाठी आलं?"

"फौजेबरोबर. मोहिमेवर."

"किती दिवसांसाठी?"

"मोहिमेपुरतंच, साहेब."

"मग परत कधी गेलं?"

कृष्णोजीरावांनी मदतीसाठी हॉलकडे पाहिलं. बाकीच्यांनी आपापल्या चहाच्या कपात पाहिलं, कारण तिथली अर्धी घराणी त्याच मोहिमेची होती. चारशे वर्षं होत आली, परत कुणीच गेलेलं नव्हतं. खुद्द अण्णांचंही घराणं नाही.

"कुटुंबाचा इतिहास वाईट आहे," अण्णा म्हणाले. "नापास."

कृष्णोजीरावांचा चेहरा लाल झाला. "माझ्या मुलीवर संशय घेता? ती न सांगता कोपऱ्यावरच्या दुकानात जात नाही. चल गं. खऱ्या ऑफिसात जाऊ, तिथं तरी माणसं असतील." आणि परवानगी न देता ते स्वतःच तिला व्हिसाच्या मुलाखतीला घेऊन गेले.

*

तिथला प्रकार भार्गवीनं सांगितला. अप्पा बाहेर फूटपाथवर उभे होते. ती आत गेली आणि त्यांनी आणलेलं शहाळं पिऊन व्हायच्या आत बाहेर आली.

"काय विचारलं?"

"कुठं राहणार, काय काम करणार."

"परत येणार का, ते?"

"नाही विचारलं."

"साताऱ्याचं?"

"नाही, अप्पा. शुभेच्छा म्हणाले."

आनेकलच्या बसमध्ये कृष्णोजीराव खिडकीबाहेर बघत बसले. उतरताना म्हणाले, "एवढ्या सहज सोडणाऱ्या लोकांचं काही खरं नाही. शनिवारी त्या साहेबांकडे जाऊ."

पुढच्या आठवड्यात पासपोर्टवर व्हिसा लागून आला. तो पिशवीत घालून दोघं शनिवारी हॉलवर आले. प्राजक्ता मिठाई आणायला निघाली होती, ती दारातच थांबली. भार्गवी खिडकीशी जाऊन वाकली. अप्पा तिच्या मागं उभे राहिले. अण्णांनी चष्मा लावला, पासपोर्ट बघितलाही नाही.

"परत येणार?"

भार्गवी आणखी खाली वाकली. मग म्हणाली, "माहीत नाही, अण्णा."

अण्णांनी भोकातून आधी तिच्याकडे, मग तिच्या मागं उभ्या असलेल्या अप्पांकडे पाहिलं.

"मंजूर," ते म्हणाले.

कृष्णोजीरावांनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"सरी," ते म्हणाले.