मुद्दाम चूक

आम्ही चौघी आदिलाबादच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो आणि प्रोजेक्ट म्हणून लहान मुलांसाठी मोजणीचा गेम करत होतो. टॅबवर टोपली दिसायची. पाच वांगी मागितली की बोटाने पाच ओढून तिच्यात टाकायची. बरोबर आलं की आमच्यातल्या एका मैत्रिणीचा स्वच्छ आवाज यायचा, 'छान! तुझे उत्तर बरोबर आहे.' चुकलं की माझी आई बोलायची, 'अरे लेकरा, काय करून राह्यला? एवढे कोन खाईन? मोज ना पुना!' शाबासकी पुस्तकी मराठीत आणि चूक घरच्या बोलीत, हे आम्ही मुद्दाम ठरवलं नव्हतं. शाळा शिकून तेच योग्य वाटायला लागलं होतं, दुसरं काय.

आई बाजारात भाजी विकायची. तिची हाक रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायची. ही वाक्यं तिने एका बैठकीत बोलून दिली आणि पुढच्याच महिन्यात नागपूरला ऑपरेशन करून तिची स्वरपेटी काढली. जीव वाचला. आता ती वहीत लिहून बोलते. सगळे मला धीराची म्हणायचे. धीर कसला, मला काही वाटतच नव्हतं.

वांकिडीकडच्या एका मराठी शाळेत आम्ही गेम खेळवून पाहिला. आधी पोरं नीट मोजत होती. मग एकाचं चुकलं, आई बोलली आणि वर्ग खो खो हसला. त्यानंतर एकही पोरगं बरोबर मोजेना. एक लहान मुलगी टोपलीत वांग्यांचा ढीग घालून टॅब कानाला लावून बसली. मी वहीत 'मुद्दाम चूक' लिहून पुढे रेघा मारत गेले.

'लेकरं हुशार हायेत,' गुरुजी म्हणाले, 'पण तुमचा गेम त्यायले चुकायलेच शिकवून राह्यला.'

'मग शाबासकीच काकूंच्या आवाजात घेऊ ना!' मैत्रीण म्हणाली, आणि तिचं तिलाच उमगलं. कोणी माझ्याकडे बघेना. शेवटी मीच म्हटलं, आवाज काढून टाकू, नुसतं टुंग वाजू दे. जेवणाच्या सुट्टीत ते कामही मीच केलं, भाजी निवडावी तसं. दुपारी पोरं बरोबर मोजू लागली. ती मुलगी तेवढी टॅब हलवून पाहत होती.

घरी आल्यावर सवयीने आईच्या मोबाइलवरही नवा गेम टाकला. ती तो रोज खेळायची; वेळ जावा म्हणून, असं मी धरून चालले होते. संध्याकाळी ती माझ्या शेजारी बसली. चार मागितली, तिने नऊ टाकली. टुंग. पुन्हा नऊ. टुंग.

'जुना परत टाकून देऊ का, आई?' मी म्हटलं. फाईल होती माझ्याकडे.

तिने वही ओढली. 'लेकरं मोजाले लागले का?'

'हो.'

'मंग राहू दे,' तिने लिहिलं आणि मोबाइल पालथा ठेवला. तिला न विचारता मी तिचा आवाज तिच्याच हातातून काढून घेतला होता. मला फक्त लाज वाटली. रडू तेव्हाही आलं नाही.