खाचेतला दात

मी समुद्राकाठी जन्मले, पण मला पोहता येत नाही. बाबांना ते ठाऊक होते, म्हणून कातळावर दात शोधायला जाताना ते मला नेहमी चराच्या अलीकडच्या बाजूला उभे करत. चर म्हणजे किनारा आणि काळा कातळ यांच्यामधली पाण्याची चिंचोळी वाट. उधाणाच्या ओहोटीला ती घोट्याएवढी उरते.

हे दात शार्क माशाचे. आज कुठेच नसलेल्या, बोटीहून मोठ्या शार्कचे, लाखो वर्षांत दगड झालेले. पावसाळ्यात समुद्र तळाचे काहीबाही उपसून कातळाच्या खाचांत भरतो, त्यात कधीतरी एखादा सापडतो. बाबा हायस्कुलात मास्तर होते. साऱ्या आयुष्यात त्यांना अकरा मिळाले. त्यांतला मोठा त्यांनी कणकवलीच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांना दाखवला होता, आणि परत येताना एसटीत तो पूर्ण वेळ मुठीत धरून ठेवला होता.

शेवटच्या आजारपणात ते मला म्हणाले, "उत्तरेच्या टोकाला खाचेत एक अडकलाय. तळहाताएवढा. पुढच्या उधाणाला काढू."

ते उधाण आले तेव्हा त्यांना जाऊन चौदा दिवस होत होते. तेरावे झाले, पाहुणे गेले, घरात आई आणि मी उरलो. पहाटे आईला न सांगता मी निघाले.

बाबा भरतीची वेळ बोटांवर काढत. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, आणि तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. भिंतीवर दिनदर्शिका होती, हातात मोबाइल होता. पण मला त्यांच्यासारखेच करायचे होते. बाबा तृतीयेला गेले. त्यात चौदा मिळवले, पंधरवड्याचे पंधरा वजा केले, बीज आली. म्हणजे साडेसातला पाणी पूर्ण आटणार, आठपर्यंत हरकत नाही.

पावणेसातला मी चर ओलांडला. कातळाला चिकटलेली कालवे फोडून काढणाऱ्या दोन-तीन बायका होत्या. अर्ध्या तासात त्या टोपल्या उचलून किनाऱ्याकडे निघाल्या. एकीने हाक मारली, "गो बाय, येतस मगो?" मी हात हलवला. मला वाटले, त्यांची टोपली भरली असेल.

खाच सापडली. दात होता. राखाडी, एका बाजूने करवतीसारखा. मी बरोबर आणलेल्या खिळ्याने भोवतालचे शंख, वाळू बराच वेळ खरवडत राहिले. तो निसटून हातात आला तेव्हा मी त्याला गालाशी धरले. मग मागे पाहिले.

कातळाची अलीकडची कड दिसेनाशी झाली होती. चरात पाणी आवाज न करता वाहत होते, आतल्या बाजूला. मी उतरले. पहिल्याच पावलाला गुडघ्यापर्यंत, दुसऱ्याला मांडीपर्यंत. मी परत वर चढले. मी फक्त आईचा विचार करत होते. आत्ता ती उठली असेल, चहाला दोन कप काढले असतील.

मला ओरडताच येईना. मघा हाक मारणाऱ्या बाईनेच किनाऱ्यावरून वळून पाहिले असावे. टोपली वाळूवर टाकून ती लांब बांबू घेऊन कमरेएवढ्या पाण्यात शिरली.

"खंयची तिथ धरलंस गो?"

"बीज!"

"दुज खंयची? पाडवो आसा आज! मास्तरांचा चेडू मगो तू? बापाशीक पाण्याचो हिशेब कळायचो, तुका नाय?"

तेव्हा कळले. सुतकात आपण गेल्याचा दिवसच पहिला धरतो. म्हणजे तृतीयेत तेराच मिळवायचे होते, मी चौदा मिळवले; आज प्रतिपदाच होती. एका तिथीची चूक, म्हणजे पाऊण तास.

"बांबू धर! दोनव हातांनी!"

दात सोडवेना. मी तो ओठांत दाबून धरला, बांबू धरला आणि उतरले. पाणी छातीपर्यंत आले, पाय उचलले गेले. मी डोळे मिटले. तोंडात मीठ आणि रक्त एकत्र लागत होते. तिने मला केसांना धरून वाळूवर ओढले.

"तोंडात काय आसा? खुळी काय गो तू?" ती धापा टाकत होती, हसत होती आणि रडायच्या बेतात होती.

"काकी, आईला सांगू नका."

"सांगतलंय. आत्ताच जावन सांगतलंय." आणि टोपली तिथेच ठेवून ती माझ्यापुढे चालू लागली.

आई मागच्या पडवीत होती. तिने सगळे ऐकून घेतले. दाताकडे तिने पाहिले नाही. त्या बाईला एवढेच विचारले, "पाणी खंयसर इला होता?" त्या बाईने आपल्या छातीपाशी हात आडवा धरून दाखवला.

आईने माझ्यासाठी ऊन पाणी काढले. मी न्हाणीत शिरले तेव्हा म्हणाली, "कडी घालू नकोस." मी घातली नाही. बाहेर ती पाट टाकून बसली आणि थोड्या थोड्या वेळाने मला हाक मारत राहिली. मी प्रत्येक वेळी ओ देत होते.