नेम म्हंजे नेम!

हसायचं न्हाय कबूल असंल तर सांगते, भर बसमदी माझी कशी फजिती झाली ती.

नात पल्लवी कालिजच्या परीक्षेचं मोठ्यांदा वाचत हुती. चांगलं काय, वाईट काय, ह्येच्यावर म्हणं मोठमोठी शाणी मानसं भांडल्यात. एक म्हणतोय, ज्येनं चार जणांचं भलं हुतंय ते बरोबर. दुसरा म्हणतोय, भलं हू दे न्हायतर वाटोळं, नेम मोडायचा न्हाय. तिसरा म्हणतोय, चांगलं मानूस अशा वक्ताला काय करंल, तसं करा.

आता चांगलं मानूस कोण, ह्ये ठरवाय बसलं तर आमच्या गल्लीत मारामाऱ्या हुतील! मला दुसरा पटला. ठरीवलं, आजपास्नं नेम म्हंजे नेम!

दुसऱ्या दिशी निपाणीस्नं कोगनोळीला भाचीच्या घरी बारशाला निघालो. संगट माझ्याकडं ऱ्हायाला आलेली थोरली भैण, कागलची आक्का. लई दिस रुसली हुती, आता कुठं बोलाय लागलेली. आमच्याकडं बायकांना बस फुकट, पर कार्ड कर्नाटकातलं पायजे. आक्काचं तर महाराष्ट्राचं!

"आक्का, तिकीट?" हळूच इचारलं.

"गप बस गं. माझं मी बघितलंय."

बघितलंय? म्हंजे काय तरी लबाडीच की! ताडकन उठून वरडले, "कंडक्टर अण्णा! ही कागलची हाय. हिला फुकट न्हाय!"

सगळी बस वळून बघाय लागली. फुडची बाई म्हणली, "जाऊ दे की अज्जी, कुणाचं काय बिघडतंय?" बघा, ह्यो पयला! मागनं एक आप्पा म्हणला, "चांगली मानसं सख्ख्या भैणीला असं करत्यात व्हय?" ह्यो तिसरा!

"नेम म्हंजे नेम!" मी काय हटतीया!

कंडक्टर म्हणला, "अज्जी, त्येंनी चढल्या चढल्याच तिकीट घेतलंय. तुमचं कार्ड तोरसी, दाखवा बघू."

आक्काचं त्वांड लालबुंद. मी ऐटीत कार्ड काढलं. त्यो कार्ड बघतोय, मला बघतोय, परत कार्ड बघतोय.

"अज्जी, ह्येला मिशा हायत."

आमच्या ह्येंचं कार्ड आलतं की वो! आनि फुकटच जायचं म्हणून पैसं घरातच!

"अण्णा, जाऊ दे की. कुणाचं काय बिघडतंय?"

"नेम म्हंजे नेम, अज्जी. तुमीच म्हणलासा."

आता सांगा, काय ऱ्हायलं? आक्का खिडकीतनं भाईर बघत हुती. तिच्याजवळ सरकले.

"आक्का, चांगलं मानूस अशा वक्ताला काय करंल गं?"

"तिकीट काढंल," आक्का म्हणली, "आनि परत रुसंल."