नारळ आडवाच राहिला

हे म्या आजवर कुणाला सांगितलं न्हाई. बायकोला न्हाई, लेकालाबी न्हाई. तुमाला सांगतो — कावून, ते इचारू नका.

मी पायाळू. पायाकडून जन्मलो, म्हणून याला जमिनीतलं पाणी कळतं, आसं लोक म्हणायचे. आन् कळायचंबी. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, शिवारात अनवाणी फिरायचं. खाली झरा आसला की नारळ आपसूक उभा राहतो. आष्टीपासून तलवाड्यापातूर माझ्या शब्दावर विहिरी खांदल्या. लई जागी पाणी लागलं. खोटं कशाला बोलू — माझ्यासारखा हात त्या मुलखात दुसरा नव्हता.

तलवाड्याजवळच्या एका गावाला निजामसरकारातून विहीर मंजूर झाली. महारवाड्यातली गंगूबाई, नवरा गेलेली, तोंडानं फटकळ, तिनंच तहसिलीच्या दारात बसून बसून ती मिळवलेली. वस्तीला पाणी नव्हतं म्हणून. जागा मात्र मी सांगायची, आसं ठरलं. मी दिवसभर फिरलो. नारळ उभा राहिला तो पाटलाच्या मळ्याला लागून. लोक पाया पडले, गुलाल टाकला.

तेवढ्यात गंगूबाई पुढं आली. "बुवा, समदा शिवार पालथा घातला. आमच्या वस्तीत कावून आला न्हाईत?"

मला हसू आलं. आलतो की, म्हनलो. तुमी मानाल का — मला ते खरंच वाटत होतं. तिनं वस्तीच्या वाटेवर खाली बोट दाखवलं. फुफाट्यात माझीच अनवाणी पावलं उमटलेली. वस्तीच्या तोंडच्या लिंबापातूर सरळ आलेली, तिथून वळलेली, आन् वस्तीला वळसा घालून पल्याड गेलेली. आत एकबी पाऊल न्हाई.

कुणी वळवलं मला? पाटलानं कानात काही सांगितलं नव्हतं. म्या मनात काही ठरवलं नव्हतं. बुटक्या दारात डोकं आपसूक वाकतं, तसे पाय वळले — लहानपणापासून वळतच आले आसतील. मग हाताचं काय? पाय मला न इचारता वळतात, तर नारळ कोण उभा करतंय? लई लाज वाटली. पर इथवरचं मला ठाऊक नव्हतं. पुढचं समदं ठाऊक आसून केलं.

गंगूबाई म्हनली, "ऱ्हाऊ द्या. आता चला, एकदा बघा."

गाव बघत होतं. तिथं नारळ उभा राहिला आसता तर? पाटील बिथरला आसता, माझं नाव गेलं आसतं. मी भ्यालो. म्हनलो — "बाई, तिथं सलग काळा पाषाण हाय. मला हितूनच कळतं."

तहसीलदाराशी भांडलेली बाई, माझ्यापुढं गप झाली. पायाळू माणूस बोलला ना.

मळ्याजवळच्या विहिरीला पाणी लागलं. पर वस्तीतल्या बायांनी काठापासून लांब उभं राहायचं, कुणी घागरीत वतलं तर न्यायचं. न्हाईतर वढ्याच्या वाळूत झिरा उकरून पाझरंल तेवढं भरायचं. वस्तीत कुणी कुदळ मारली न्हाई, माझ्या शब्दापायी. तिथं पाषाण हाय का पाणी, मला आजबी ठाऊक न्हाई.

पुढं एका उन्हाळ्यात त्या वाटेनं गेलतो. म्हातारी गंगूबाई सुनेसंगं रिकामी घागर घेऊन उभी. सून माझ्याकडं बघून काहीतरी पुटपुटली.

"बुवांवर कावून चिडतीस?" गंगूबाई तिला म्हनली. "आपल्याच खाली पाषाण हाय."

म्या ते ऐकलं, आन् पुढं चालू लागलो.